नायट्रोजनच्या रिंगा, विषाणूंवरची औषधं आणि एमएस्सी प्रबंधाचं शेवटचं पान

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी मार्च-एप्रिलात एमएस्सीच्या मुलांचे प्रकल्प वाचायला येतात. पायरिमिडीन, क्विनोलीन, इमिडॅझोल, ट्रायझोल, पायरॅझोल, बेन्झिमिडॅझोल, नायट्रोजन असलेली एकही रिंग (अणूंचं वलय) आमच्या पोरांनी सोडलेली नाही. काम मनापासून केलेलं असतं. टीएलसीवर एकच ठिपका आणि एनएमआर स्वच्छ, म्हणजे संयुग शुद्ध, यील्ड (हाती आलेलं उत्पादन) ८५-९० टक्के. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य ठरलेलं: 'ही संयुगं विषाणूविरोधी औषधं म्हणून उपयुक्त ठरू शकतात.' २०२० पासून त्या वाक्यासोबत एक रंगीत चित्रही येतं. करोनाच्या प्रोटीएजच्या (प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमच्या) खोबणीत बसवलेला आपला रेणू, आणि खाली डॉकिंगचा, म्हणजे रेणू तिथे किती घट्ट बसेल याच्या संगणकी अंदाजाचा, आकडा, उणे आठ पॉइंट काहीतरी. जितका जास्त उणे तितका चांगला.

हे वाक्य खोटं नाही, पण ते लिहिण्याआधी मुलांनी आणखी एक-दोन पायऱ्या चढाव्यात असं मला फार वाटतं. त्यावर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे.

आधी नायट्रोजनच का, ते. अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधांची एक मोजणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. लहान रेणूंच्या औषधांपैकी ५९ टक्क्यांत नायट्रोजन असलेली किमान एक रिंग निघाली. कारण उघड आहे. रिंगेतल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असते किंवा त्याला हायड्रोजन जोडलेला असतो, त्यामुळे प्रथिनाशी हायड्रोजन बंध जुळतो. रेणू पाण्यात विरघळायला मदत होते. शिवाय डीएनए आणि आरएनएचे पाचही बेस नायट्रोजनच्याच रिंगा आहेत. विषाणूला आपली प्रत काढायची तर याच रिंगा लागतात, म्हणून त्याला अडवायची पहिली जागाही तीच.

पण इथे एक गंमत आहे आणि ती माझ्या विद्यार्थ्यांना मी पुन्हा पुन्हा दाखवते. हर्पिसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाची रचना काढा. ग्वानिनची रिंग जशीच्या तशी आहे, एका अणूचाही फरक नाही. बदल केलाय तो रिंगेला जोडलेल्या साखरेत. साखरेचं वलय उघडून अर्धवट साखळी ठेवली आहे आणि ३ प्राइम जागेवरचा हायड्रॉक्सिल गट नाहीसा झाला आहे. विषाणूची पोलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) हा रेणू आपला समजून डीएनएच्या साखळीत जोडून घेते, आणि पुढचा डबा जोडायला हूकच नसलेल्या डब्यासारखी तिथेच गाडी संपते. एचआयव्हीवरच्या एझेडटीत थायमिन तसंच आहे, साखरेवर अझाइड गट आला. टेनोफोव्हिरमध्ये अ‍ॅडेनिन तसंच, लॅमिव्हुडीनमध्ये सायटोसीन तसंच.

म्हणजे या सगळ्या यशस्वी औषधांत नायट्रोजनची नवी रिंग बनवलेलीच नाही! रिंगेमुळे रेणूला विषाणूच्या एन्झाइममध्ये प्रवेश मिळाला, काम दुसऱ्या भागाने केलं. मग 'माझ्या संयुगात पायरिमिडीन आहे, म्हणून ते विषाणूविरोधी असेल' या तर्काचं काय करायचं?

असायक्लोव्हिर फक्त विषाणूग्रस्त पेशीतच का चालतं, हे तर त्याहून सुंदर आहे. त्याला पहिला फॉस्फेट लावायचं काम हर्पिसच्या विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज करतं. निरोगी पेशीत ते एन्झाइम नाही, त्यामुळे औषध तिथे जवळजवळ निष्क्रिय पडून राहतं. पुढचे दोन फॉस्फेट आपली पेशी लावते. ज्या गटाने हे उलगडलं त्याच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती. १९८८ चं नोबेल त्यांना जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. त्याआधी कितीतरी वर्षं त्या प्युरीनवरच, म्हणजे ग्वानिन-अॅडेनिनच्या घराण्यावरच, काम करत होत्या, ल्युकेमियावरचं ६-मरकॅप्टोप्युरीन त्यातूनच आलं. एका रिंगेची इतकी वर्षं सोबत केल्यावर तिचं कुठलं टोक हलवायचं ते कळतं.

---

करवीरकर

मॅडम, केमिस्ट्रीतलं मला काय कळत न्हाई, मी रिटायर्ड एसटीवाला. पण असायक्लोव्हिर हे नाव ओळखीचं निघालं म्हणून लिहितो. आमच्या थोरल्या भावाला पावसाळ्यात नागीण झालती. बरगडीवर एका बाजूला फोडांची रांग. गल्लीतल्या जाणत्या बायका म्हणाल्या, गेरू लावा, मंत्र घाला, आणि तोंड-शेपूट जुळू देऊ नका, जुळलं की माणूस जातो. त्यात चार-पाच दिवस गेले. मग डॉक्टरनी याच गोळ्या दिल्या, दिवसातनं पाच वेळा. फोड गेले पण आग अजून हाय, सदरा लागला तरी कळवळतो. गोळी लवकर घेतली असती तर फरक पडला असता का?

---

त्वचारोग_शाहूपुरी

काका, फरक पडण्याची शक्यता चांगली होती. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला आणि पट्ट्यासारखं. शरीराच्या मध्यरेषेपलीकडे ते सहसा जात नाही, त्यामुळे तोंड-शेपूट जुळण्याची भीती मनातून काढून टाका. खरी भीती डोळ्याजवळच्या नागिणीची असते, नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू करावी. विषाणू प्रती काढत असतो तेव्हाच साखळी तोडणारं औषध कामाचं. प्रती काढून झाल्या, मज्जातंतूला इजा झाली, की मागे राहते ती आग. त्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत, ती असायक्लोव्हिरने जात नाही. भावाला परत दाखवा, सहन करत बसू नका.

मॅडमच्या मुद्द्याला जोडून सांगतो. ओठावरच्या हर्पिसला लागते त्याच्या कितीतरी पट मात्रा नागिणीला लागते, ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. कांजिण्यांच्या विषाणूवर हे औषध हर्पिस सिम्प्लेक्सइतकं प्रभावी नाही, म्हणून. पेशंट दुकानातून २०० ची पाकिटं घेऊन दोन दिवस खातात आणि 'गोळी लागू पडली नाही' म्हणतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, तेव्हा स्वतःच्या मनाने कुणी घेऊ नये.

---

राजारामपुरी_मेडिकल

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. आमच्याकडे नागिणीची चिठ्ठी येते ती बहुतेक वेळा उशिरा.

मला दुसरं आठवतंय. जून २०२० मध्ये फॅव्हिपिराव्हिर बाजारात आलं तेव्हा एक गोळी १०३ रुपये होती. २०० मिलिग्रॅमची गोळी, पहिल्या दिवशी १८०० मिलिग्रॅम दोन वेळा, म्हणजे एका दिवसात १८ गोळ्या! लोक सोन्यासारख्या मोजून न्यायचे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात लाट ओसरायचं नाव घेत नव्हती, तेव्हा लोक रेमडेसिव्हिरसाठी रात्री शटर वाजवायचे. ते आमच्यासारख्या दुकानांत मिळतच नव्हतं. एक मुलगा रडत उभा होता, त्याला काय सांगावं कळेना. मॅडम, ही दोन्ही औषधं तुमच्या याच यादीतली का? आणि त्यांचा खरंच किती उपयोग झाला?

---

पंचगंगाकाठ

दोन्ही याच यादीतली, पण यांत रिंगच बदललेली आहे. फॅव्हिपिराव्हिर ही छोटीशी पायराझिन रिंग, सोबत एक फ्लोरिन आणि एक अमाइड. पेशी तिला रायबोज आणि फॉस्फेट जोडते, मग आरएनए पोलिमरेजला ती प्युरीनसारखी दिसते. १९७० च्या दशकातलं रायबाव्हिरिनही असंच, त्यात ट्रायझोल आहे. जपानमध्ये फॅव्हिपिराव्हिरला २०१४ साली मान्यता मिळाली ती नव्या प्रकारच्या फ्लूसाठी, तीही अटी घालून, कारण प्राण्यांमध्ये गर्भात व्यंग आढळलं होतं. कोविडमध्ये मृत्यू टळल्याचा ठोस पुरावा मोठ्या चाचण्यांतून आला नाही.

रेमडेसिव्हिरची रिंग अ‍ॅडेनिनसारखी दिसते, पण साखरेला ती नायट्रोजनने न जुळता कार्बनने जुळलेली आहे. तो बंध पेशीतल्या एन्झाइमना सहज तोडता येत नाही. करोना विषाणूकडे चुकीचा बेस काढून टाकणारं एन्झाइम असतं, त्यालाही हे औषध बरंच चकवतं, कारण साखळी लगेच न थांबता आणखी तीन बेस जोडल्यावर अडते. रसायन म्हणून अप्रतिम. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दाखल रुग्णांमध्ये फायदा फारच थोडा दिसला. उलट धोका जास्त असलेल्या, पण अजून दाखल न झालेल्या रुग्णांना लक्षणं सुरू झाल्यावर सात दिवसांच्या आत तीन दिवस दिलं, तेव्हा दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. डॉक्टरांनी नागिणीबद्दल वेळेचं जे सांगितलं, तेच इथेही. आपल्याकडे लोक ते शोधत फिरत होते तोवर बहुतेकांची ती वेळ निघून गेलेली असायची. त्या मुलाचं वाचून मला फार वाईट वाटलं.

---

बिगिनेली_कागल

मॅडम, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही लिहिलेलं शेवटचं पान माझ्याही प्रबंधात आहे, कच्च्या खर्ड्यात. बिगिनेली रिअ‍ॅक्शनने डायहायड्रोपायरिमिडिनोन बनवलेत, अल्डिहाइड बदलून बदलून एक मालिकाच केली आहे. डॉकिंग ६एलयू७ वर (करोनाच्या प्रोटीएजच्या स्फटिक-रचनेची फाइल) केलं, चांगले आकडे आले. आता तुम्ही म्हणता पुढची पायरी. पण आमच्याकडे सेल कल्चर (पेशी वाढवायची सोय) नाही. बाहेर तपासणीला पाठवायचे तर पैसे. गाइड म्हणतात पेपरसाठी डॉकिंग पुरतं. मी काय करू? आणि माझी रिंग निवडताना चूक झाली का, हेही स्पष्ट सांगा.

---

पंचगंगाकाठ

रिंग उत्तम आहे, तिची पार्श्वभूमी मात्र वाच! बिगिनेलीने ही रिअ‍ॅक्शन १८९१ साली दिली. या घराण्यातल्या डायहायड्रोपायरिमिडीनपैकी बे ४१-४१०९ हा रेणू हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं कवच नीट बनू देत नाही, हे २००३ साली 'सायन्स'मध्ये आलं. म्हणजे तुझ्या रिंगेची विषाणूविरोधी कामगिरी नोंदलेली आहे, पण ती हिपॅटायटिस बीच्या कॅप्सिडवर, म्हणजे त्या कवचावर. तू डॉकिंग केलंस करोनाच्या प्रोटीएजवर. का? ती फाइल सगळे वापरतात म्हणून?

लक्ष्य आधी आणि रिंग मागून, असं उलट चालून बघ. करोनाचा मुख्य प्रोटीएज ग्लुटामिन या अमिनो आम्लानंतर प्रथिन कापतो. माणसाच्या प्रोटीएजना ही आवड सहसा नसते. म्हणून निर्माट्रेल्व्हिर या कोविडवरच्या औषधात ग्लुटामिनची नक्कल करणारी पाच अणूंची लॅक्टम रिंग घातली आहे, आणि शेजारचा नायट्राइल गट प्रोटीएजमधल्या १४५ व्या अमिनो आम्लाला, सिस्टीनला, पकडतो. तिथली प्रत्येक रिंग कशासाठी आहे ते सांगता येतं. तुझ्या रेणूतल्या प्रत्येक भागाबद्दल असं एक वाक्य लिहून बघ. जिथे लिहिता येणार नाही तिथे काम बाकी आहे.

---

संगणकातलं_रसायन

डॉकिंगला इतकं कमी लेखू नये असं मला वाटतं. जपानी एन्सिट्रेल्व्हिर याच प्रोटीएजवरचं औषध आहे आणि त्याची सुरुवात संगणकावरच्या चाळणीतून झाली. रचना बघा: ट्रायझिन, ट्रायझोल, इंडाझोल, सगळ्या आपल्या नायट्रोजनच्या रिंगा. मॅडम, साधन चांगलं आहे, वापरणाऱ्याला धीर हवा.

---

पंचगंगाकाठ

हे उदाहरण आणल्याबद्दल आभार. फक्त त्यांचा क्रम बघा: आधी संगणक, लगेच एन्झाइमवर खरी चाचणी, मग स्फटिकाची रचना बघून एकेक गट बदलणं. डॉकिंग तिथे पहिलं पान होतं. आमच्याकडे ते शेवटचं होतं, आणि माझं भांडण तेवढंच आहे.

---

पेशीघर_पुणे

मी पुण्यात विषाणूंवर काम करतो, माहेर म्हणा घर म्हणा, कोल्हापूरच. हा धागा वाचून राहवलं नाही.

बिगिनेली_कागल, आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी. ६एलयू७ मध्ये स्फटिकात जो मूळ रेणू आहे तो काढून पुन्हा डॉक कर. तो स्फटिकातल्या जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या (अणूंची अंतरं मोजायचं एकक) आत बसला नाही तर तुझी पद्धतच त्या खोबणीला चालत नाही. तो रेणू प्रोटीएजशी सहसंयुज बंधाने जोडलेला आहे, हेही ध्यानात ठेव. मग ज्यांचा परिणाम होत नाही हे ठाऊक आहे असे रेणू डॉक कर. त्यांनाही उणे आठ मिळत असेल तर तुझ्या उणे आठला अर्थ नाही. मोठ्या आणि तेलकट रेणूंना आकडा नेहमीच चांगला येतो.

दुसरं, रोडॅनिनसारख्या रिंगा टाळ. प्रकल्पांत फार दिसतात, बनवायला सोप्या. त्या अनेक चाचण्यांत खोटा होकार देतात. २०१० साली अशा फसव्या रचनांची यादीच प्रसिद्ध झाली, पेन्स नावाने. तुझी मालिका त्या गाळणीतून काढ, संकेतस्थळावर फुकट होतं.

आता क्लोरोक्विनचं सांगतो, कारण तेही नायट्रोजनचीच रिंग, क्विनोलीन. २०२० च्या सुरुवातीला व्हेरो पेशींत त्याने करोना रोखला आणि जगभर मागणी उसळली. व्हेरो म्हणजे आफ्रिकेतल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. त्यांत विषाणू एंडोसोमच्या वाटेने शिरतो आणि क्लोरोक्विन त्या पिशवीची आम्लता घालवतं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या जोरावर विषाणू थेट पृष्ठभागावरूनच आत येतो. त्या पेशींत क्लोरोक्विन निकामी ठरलं, हे त्याच वर्षी जुलैत छापून आलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले, न घेतलेल्यांपैकी २५ टक्के. एकाच प्रकारच्या पेशीवर विसंबलं की असं होतं.

२०२१ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. रेणूच्या एका टोकाला धनभार घेणारा नायट्रोजन आणि दुसऱ्या टोकाला तेलकट भाग असला, की पेशीत फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातले स्निग्ध रेणू) साचतात आणि विषाणू कमी झाल्याचा भास होतो. नायट्रोजनच्या रिंगा बनवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलंच पाहिजे.

---

गडहिंग्लजचा

मी औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट आहे. एक बाजू राहून जाते ती मांडतो: रेणू चालला तरी तो टनाने बनला पाहिजे.

एझेडटी १९६४ साली कर्करोगासाठी बनलं, चाललं नाही, बाजूला पडलं. १९८७ साली एचआयव्हीवर मान्यता मिळाली, पण किंमत आपल्या माणसांच्या आवाक्याबाहेर. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा जगभरचं चित्र पालटलं. त्या तिघांत स्टॅव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन बेसच्या नकला, आणि नेव्हिरापिन मात्र वेगळं. दोन पिरिडीन आणि मध्ये सात अणूंची रिंग, जी पोलिमरेजच्या बाजूच्या खोबणीत जाऊन बसते. सांगली-कोल्हापूर भागाने तो काळ जवळून पाहिला आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली आणि माझ्याच गावातली माणसं पुन्हा शेतावर जाताना मी पाहिली. त्या वेळी मी बारावीत होतो. केमिस्ट्री घ्यायचं तिथेच ठरलं.

म्हणून कागलच्या मित्राला सांगेन, तुझी बिगिनेली एका भांड्यात तीन स्वस्त कच्चे माल घालून होते, ही मोठी जमेची बाजू आहे. प्रबंधात तेही लिही. रेमडेसिव्हिरमध्ये फॉस्फरसच्या एका कायरल केंद्राने (जिथे डावं-उजवं अशी दोन रूपं होतात आणि एकच हवं असतं) प्रोसेसवाल्यांचा घाम काढलाय.

---

सह्याद्रीवेडी

थोडं अवांतर, पण आपल्या घाटाशी संबंध आहे. नरक्या नावाचं झाड सह्याद्रीत आहे, त्यात कॅम्टोथेसिन सापडतं. क्विनोलीनची रिंग असलेला तो रेणू कर्करोगावरच्या औषधांचा पाया ठरला. मागणी वाढल्यावर झाडं मुळासकट तोडली गेली. तेव्हा 'वनस्पतीत विषाणूविरोधी रिंग सापडली' असं लिहिताना ती प्रयोगशाळेत बनवता येईल का, हाही प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिरचा कच्चा माल शिकिमिक आम्ल, तेही चक्रीफुलातून काढत. आपल्या मसाल्यातलंच चक्रीफूल.

---

पंचगंगाकाठ

अवांतर मुळीच नाही. आणि ओसेल्टामिव्हिरमध्ये नायट्रोजनची रिंग नाहीच, साधं सहा कार्बनचं वलय आहे! रिंगेवर भक्ती ठेवू नये याचा तोही एक दाखला.

---

बिगिनेली_कागल

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ रेणू परत डॉक केला, ३.१ अँगस्ट्रॉम आला. म्हणजे माझे आकडे प्रबंधात टाकण्यासारखे नाहीत. गाइड सरांना दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, प्रोटीएज सोड, रचना-विश्लेषण आणि विषारीपणाची तपासणी एवढंच ठेवू. शेजारच्या बायोटेक विभागात एमटीटी (किती पेशी जगल्या ते रंगावरून मोजणारी चाचणी) करून मिळेल असं दिसतंय. दादा, तिथे काय सांगायचं? आणि डेंग्यूवर काही करता येईल का? आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात कुणीतरी दवाखान्यात असतं.

---

पेशीघर_पुणे

डेंग्यूवर आजही मान्यता मिळालेलं विषाणूविरोधी औषध नाही, त्यामुळे प्रश्न योग्यच आहे. पण तो पीएचडीला ने. आत्ता विषारीपणा नीट मोज, कारण सीसी५० (पेशी अर्ध्या मारणारी मात्रा) नसेल तर पुढे कुणी तुझा रेणू विषाणूवर टाकून बघणार नाही. विषाणू अर्ध्यावर आणणारी मात्रा आणि पेशी अर्ध्या मारणारी मात्रा, यांत निदान दहा पटींचं अंतर लागतं.

एमटीटीला एकच मात्रा देऊ नकोस, किमान सहा दे, १ पासून १०० मायक्रोमोलरपर्यंत, प्रत्येकी तीन विहिरी (प्लेटमधले खळगे). रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळव, पण विहिरीत डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या खाली ठेव आणि नुसत्या डीएमएसओची विहीर वेगळी लाव. माध्यमात टाकल्यावर गढूळपणा येतो का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघ. डायहायड्रोपायरिमिडिनोन कधी कधी विरघळत नाहीत, खाली बसतात, आणि पेशी जगल्या म्हणून आपण रेणू सुरक्षित समजतो. रंगीत असतील तर ५७० नॅनोमीटरला त्यांचं स्वतःचं शोषण किती ते पेशींशिवाय मोजून वजा कर. नमुने पाठवण्याआधी एचपीएलसीवर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर आहे ना ते पाहा. आकडे आले की इथेच टाक, आलेख कसा बसवायचा ते सांगतो.